रेव्हरंड टिळकांची वांटणी

गेल्या पावसाळ्यांत एका शिक्षणप्रेमी मंडळानें शाळकरी मुलांसाठीं मराठी कवितांचा एक लहानसा संग्रह काढण्याचें ठरविलें, आणि निवड करणाऱ्या चौघांत मलाही घेतलें. माझा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. परंतु घणसोलीसारख्या ठिकाणीं राहणाऱ्या प्राध्यापकास अशा कार्यास 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तसें म्हणण्याची मला इच्छाही नव्हती. काम सुरळीत चाललें होतें. केशवसुत झाले, बालकवि झाले, आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पाळी आली. जखमी होऊन पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीवरील त्यांची सुप्रसिद्ध कविता एकमतानें पसंत झाली. फुलांवरील दुसरी एक कविताही झाली. तेव्हां मीं सुचविलें कीं, 'अभंगांजली'तील एखादा अभंगही घ्यावा, म्हणजे हा कवि कोण होता तें मुलांस कळेल. क्षणभर कोणी बोलेना. मग एका सद्‌गृहस्थांनीं अत्यंत सौम्य स्वरांत सांगितलें, "टिळक कवि म्हणून आपलेच आहेत हो. पण तें धार्मिक नको." दुसऱ्या सभासदांनीं कविपरिचयांतील 'रेव्हरंड' हा शब्दही खोडला, कारण विचारतां, मुलांना उगाच प्रश्न पडावयास नकोत, असें उत्तर मिळालें. त्याच संग्रहांत तुकोबांचे दोन अभंग आणि एक भूपाळी घेतलेली होती, हें येथें नमूद केलें पाहिजे.

या मंडळींचा हेतु वाईट नव्हता, आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे. दुष्ट हेतूनें झालेल्या अन्यायास उत्तर देणें सोपें असतें. सौजन्यानें, जणूं त्या कवीवर उपकार करण्यासाठीं, केलेली जी छाटणी तिला उत्तर देणें अवघड. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे : रेव्हरंड टिळकांना जाऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. या अवधींत महाराष्ट्र त्यांना विसरला असता तर त्यास आळशी म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु महाराष्ट्रानें त्यांची वांटणी केली. फुलें आणि मुलें शाळेच्या वांट्यास आलीं. भजनें ख्रिस्ती देवळाच्या वांट्यास गेलीं. आणि 'स्मृतिचित्रां'तला तऱ्हेवाईक नवरा रसिक वाचकांच्या वांट्यास आला. प्रत्येकास कांहींतरी मिळालें. सबंध टिळक मात्र कोणाच्याच हातीं लागले नाहींत.

'रेव्हरंड' या शब्दाचीच गोष्ट पाहा. मराठी माणूस तो सहज उच्चारतो, पण कशासाठीं? लोकमान्यांपासून या टिळकांना वेगळें ओळखतां यावें एवढ्यासाठीं! जणूं तें त्यांचें घरांतलें टोपणनांवच. ख्रिस्ती मंडळीचा दीक्षित सेवक, उपदेश करणारा, बाप्तिस्मा देणारा, आजाऱ्याच्या उशाशीं बसून प्रार्थना करणारा, असा त्या शब्दाचा कांहीं अर्थ आहे, आणि तो अर्थ या माणसानें फार मोठें मोल देऊन संपादन केला होता, हें आपल्या ध्यानींही येत नाहीं.

तें मोल कोणतें हें समजण्यासाठीं त्यांचें चरित्र एकसलग पाहिलें पाहिजे. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आई जानकीबाई भाविक, वडील वामनराव कडक. आई लवकर गेली, आणि मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथें संस्कृताचें चांगलें अध्ययन झालें, इंग्रजीचें थोडें झालें, आणि मग पोटासाठीं गांवोगांव शिक्षकी सुरू झाली. १८८० सालीं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. तीच पुढें महाराष्ट्राला लक्ष्मीबाई टिळक म्हणून माहीत झाली. नागपुराकडे असतांना त्यांचें मन धर्माच्या प्रश्नांत अधिकाधिक गुंतत गेलें. जातिभेद मानणारा धर्म या देशाला कधीं एक करूं शकेल काय, हा त्यांना छळणारा प्रश्न होता. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपीय सहप्रवाशाशीं त्यांची गांठ पडली. त्यानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं ठेविली. ती वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनापाशीं हा संस्कृतज्ञ ब्राह्मण थबकला. पुढचा बराच काळ त्यानें वाचन, पत्रव्यवहार आणि मनस्ताप यांत काढला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत बाप्तिस्मा घेतला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. अन्नाच्या, नोकरीच्या किंवा साहेबी थाटाच्या लोभानें धर्म सोडणारा माणूस आपल्याला चटकन समजतो, कारण त्याला तुच्छ लेखून मोकळें होतां येतें. टिळकांनीं त्या दिवशीं मिळविलें काय? जात गेली, सगेसोयरे गेले, पंडित म्हणून मिळणारा मान गेला. पत्नी आणि चिमुकला मुलगा दुरावलीं. लक्ष्मीबाई जवळजवळ पांच वर्षें आपल्या नातेवाइकांच्या आधारानें वेगळ्या राहिल्या. पुढें त्या नगरास आल्या आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. परंतु तो नवऱ्याच्या आज्ञेनें घेतला नाहीं, तर उच्चनीच जाति देवानें निर्माण केलेल्या नसून माणसानें केलेल्या आहेत, हें स्वतःच्या विचारानें पटल्यावर घेतला. त्या घरांत धर्मांतर दोनदां झालें, आणि दोन्ही वेळां तें ज्याचें त्यानें केलें.

नगरास टिळक मिशनच्या विद्यार्थ्यांना शिकवीत. १९०४ सालीं त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १८४२ सालीं नगरासच निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांनीं १९१२ पासून मृत्यूपर्यंत केलें. ख्रिस्ती उपासनेंत तोंपर्यंत विलायती चालींवर बसविलेलीं भाषांतरें बरीच गाइलीं जात. टिळकांनीं तेथें अभंग, पद आणि कीर्तन यांना मानाची जागा मिळवून दिली. अनाथ पोरें, रोगी, फिरस्ते आणि होतकरू कवि या सर्वांना त्यांच्या घराचें दार उघडें असे. बालकवि ठोमरे त्याच घरांत राहून गेले. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति स्वीकारली, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' नांवाची एक बंधुसंस्था सुरू केली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

आतां या चरित्रांतून मंडळाच्या सांगण्याप्रमाणें 'धार्मिक' तेवढें काढून टाका, आणि उरतें काय तें पाहा. १८९५ सालचा तो दिवस काढला म्हणजे नगर जातें. नगर गेलें म्हणजे बालकवींना आसरा देणारें तें घर जातें. तें घर गेलें म्हणजे लक्ष्मीबाईंचा विरह, त्यांचें परत येणें, त्यांची झालेली नवी घडण, हें सर्व जातें. म्हणजे 'स्मृतिचित्रें' हा ग्रंथच जातो. आपण ज्याला अवांतर म्हणून बाजूला सारतों तो या इमारतीचा पाया आहे, आणि पाया काढून माडी तेवढी ठेवूं, असें म्हणणाऱ्या गवंड्यास कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

या वांटणीचा परिणाम मीं माझ्या वर्गांत पाहिला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नगर जिल्ह्यांतून आलेली एक ख्रिस्ती विद्यार्थिनी माझ्याकडे शिकत होती. तिच्या घरीं तीन पिढ्या दर रविवारीं टिळकांचीं भजनें म्हणत आल्या होत्या. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहांत त्यांचीं दोनशेंहून अधिक पदें आहेत. शाळेंत तिनें 'फुलामुलांचे कवि' टिळकही पाठ केले होते. परंतु हे दोन्ही टिळक एकच, हें तिला महाविद्यालयांत येईपर्यंत ठाऊक नव्हतें! शाळेनें तिला सांगितलें नाहीं कीं तुझ्या देवळांतला कवि हा सर्व महाराष्ट्राचा कवि आहे. आणि देवळानें सांगितलें नाहीं कीं शाळेंतल्या पुस्तकांतली पक्षीण तुमच्याच पाळकानें रंगविली आहे. हें तिला कळलें तेव्हां ती आनंदली, पण लगेच तिनें विचारलें, "मग सर, हें कोणी आधीं कां सांगितलं नाही?" मला उत्तर देतां आलें नाहीं. मंडळाच्या बैठकींत 'मुलांना प्रश्न पडावयास नकोत' हे शब्द ऐकतांना मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. प्रश्न टाळून टळत नाहींत. ते फक्त उशिरां आणि अधिक दुखवून विचारले जातात.

तिसरा वांटा सर्वांत फसवा आहे, कारण तो प्रेमानें वाढलेला आहे. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं, आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांचें स्थान अढळ आहे याविषयीं वाद नाहीं. त्या ग्रंथांतले टिळक शीघ्रकोपी आहेत, विसराळू आहेत, हातचा पैसा पहिल्या याचकाला देऊन टाकणारे आहेत. आणि बाई त्यांच्याकडे पाहून मनमोकळ्या हंसतात. वाचकांनीं तें हंसणें उचललें. परंतु ज्या श्रद्धेपायीं हा माणूस असा वागत होता, आणि जी श्रद्धा अखेर बाईंनीं आपली म्हणून स्वीकारली, ती उचलली नाहीं. घरांत उद्यांसाठीं कांहीं न ठेवणें हा आपल्याला विनोद वाटतो; त्या माणसाला ती आज्ञा वाटत होती. बाईंना स्वतःला आपल्या पतीचें जीवितकार्य काय वाटत होतें, याचा पुरावा 'स्मृतिचित्रां'च्या बाहेर आहे. टिळकांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' हें ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळें पहिल्या कांहीं अध्यायांवरच थांबलें होतें. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईनें त्यापुढें साठांहून अधिक अध्याय रचून तें पूर्णत्वास नेलें. नवऱ्याचें अपुरें राहिलेलें कोणतें काम हातीं घ्यावें, असा प्रश्न तिच्यापुढें होता, तेव्हां तिनें फुलांच्या कविता निवडल्या नाहींत. 'स्मृतिचित्रें' आपल्या कपाटांत असतात. 'ख्रिस्तायन' किती सुशिक्षित घरांत आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आतां आक्षेपांकडे वळूं. कारण ते खोटे नाहींत, आणि त्यांना टाळून जाणें हेंही एक प्रकारचें छाटणेंच होईल.

पहिला आक्षेप वाङ्मयीन आहे. धर्मप्रचारासाठीं लिहिलेली कविता ही कविता नव्हे, असें म्हणतात. मी गेलीं तीस वर्षें मिल्टन शिकवीत आलों आहें. १६६७ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें 'पॅरडाइस लॉस्ट' हें काव्य ईश्वराची मानवाशीं वागणूक न्याय्य आहे, असें पटवून देण्यासाठींच लिहिलेलें आहे. कवि तें पहिल्याच सर्गांत उघडपणें सांगतो. जॉन डन हा १६२१ पासून लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा मुख्य धर्माधिकारी होता. जॉर्ज हर्बर्ट एका लहानशा खेड्याचा पाळक होता, आणि १६३३ सालचा त्याचा काव्यसंग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत ख्रिस्ती उपासनेचा आहे. आमच्या विद्यापीठांनीं हे कवि पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासास लावले. ऐरोली-कोपरखैरण्याचीं मुलें, हिंदु, बौद्ध, मुसलमान, जैन, आदिपापाचा सिद्धान्त परीक्षेसाठीं पाठ करतात; त्यांच्या आईबापांना कधीं भीति वाटली नाहीं, आणि कोणा मंडळानें मिल्टनमधील ख्रिस्त वगळून उरलेलीं सृष्टिवर्णनें तेवढीं छापा, अशी सूचना केली नाहीं. मग जी श्रद्धा इंग्रजींत आली असतां 'काव्य' ठरते, ती कोंकणांतल्या टिळकांच्या मराठींत आली कीं 'प्रचार' कशी ठरते? आणि तुकोबांचें काय? त्यांच्या अभंगांतून विठ्ठल वजा केला तर वाङ्मयीन मूल्य म्हणून किती शिल्लक राहील, याचा हिशेब या टीकाकारांनीं एकदां मांडून दाखवावा.

हा दुजाभाव आजचा नाहीं. फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानें १६१६ सालीं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केलें. त्यानें मराठी भाषेचा जो गौरव केला तो आपण मोठ्या अभिमानानें मिरवतों. तो परका होता. त्याचा ख्रिस्त त्याच्याबरोबर जहाजांतून आलेला होता. त्याचें कौतुक करण्यांत आपलें कांहीं जात नव्हतें. उलट बेळगांवांत जन्मलेले बाबा पदमनजी हे आपल्यांतलेच. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांचें 'यमुनापर्यटन' निघालें. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव घेतांना आपण आजही 'पण ती मिशनरी' असें एक शेपूट जोडतों. हिंदु विधवांची दैना इतक्या आधीं आणि इतक्या स्पष्टपणें कोणीं मांडली, हा मुद्दा त्या शेपटांत अडकून बसतो. परक्याच्या ख्रिस्ताला आपण पाहुणचार करतों. घरच्या माणसाच्या ख्रिस्तानें मात्र आपल्याला लाजविल्यासारखें होतें.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय आहे, आणि तो मी अधिक आदरानें ऐकतों. ठाण्याच्या खाडीकांठच्या या आमच्या आगरी-कोळ्यांच्या गांवानें १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहांत उडी घेतली होती. तो अभिमान येथें अजून जिवंत आहे. येथील एखादा वृद्ध जर म्हणाला कीं, मिशनरी हे परकी सत्तेच्या सावलींत आले, तर त्याला खोटें ठरविण्याचें मला कारण नाहीं. एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे. ज्या अमेरिकन मिशननें टिळकांना बाप्तिस्मा दिला, तिचे पहिले लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले तेव्हां कंपनी सरकार त्यांना परत पाठविण्याच्या खटपटींत होतें. टिळकांना ख्रिस्ती धर्माकडे येतांना ज्यांचें साह्य झालें ते डॉक्टर जस्टिन अॅबट यांनीं आपलीं अखेरचीं वर्षें एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई या संतांचीं चरित्रें आणि काव्यें इंग्रजींत आणण्यांत घालविलीं. शिष्य गुरूकडे गेला कीं गुरु शिष्याच्या संतांकडे आला, हें ठरविणें कठीण आहे. आणि टिळकांच्या देशभक्तीविषयीं शंका घेणाऱ्यानें त्यांच्या स्वदेशावरील कविता वाचाव्या. बाप्तिस्म्यानंतर त्यांनीं आपला देश सोडला नाहीं, आपली भाषा सोडली नाहीं, आणि इतर ख्रिस्ती बांधवांनींही तीं सोडूं नयेत म्हणून जन्मभर भांडले. १९१७ सालीं पंचावन्न वर्षांच्या वयांत मिशनचा पगार टाकून निघालेल्या माणसाला परक्यांचा पोशिंदा म्हणणें हें अज्ञान आहे. आणि तें जाणूनबुजून असेल तर त्याला दुसरें नांव द्यावें लागेल.

परंतु वांटणीचा सगळा दोष हिंदु वाचकांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या पुलाचें दुसरें टोंक हिंदूंना नकोसें वाटलें. पण पहिलें टोंक कित्येक ख्रिस्ती धुरीणांनाही नकोसेंच होतें. मराठी संतवाणी ही आमच्या लोकांना ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी आहे, हा टिळकांचा विचार सर्वांच्या पचनीं पडला नाहीं. 'देवाच्या दरबारां'त तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस त्यांनीं एका पंक्तीला बसविण्याचें योजिलें होतें. ज्या समाजानें आपल्या सीमा मोठ्या कष्टानें आंखल्या होत्या, त्याला ही पंक्ति रुचणें कठीण. टिळकांच्या मृत्यूनंतर दरबार टिकला नाहीं, पदें टिकलीं. देवळानें गाणारा टिळक ठेवून घेतला आणि भांडणारा टिळक दाराबाहेर ठेविला. शाळेनें जें केलें तेंच हें, दुसऱ्या बाजूनें केलेलें.

मी स्वतः ख्रिस्ती नाहीं, आणि होण्याचा विचारही नाहीं. टिळकांचे सर्व निष्कर्ष मला मान्य नाहींत. ज्ञानोबा-तुकोबा हे दुसऱ्या कोणाच्या आगमनाची नांदी होते, असें मानणें मला त्या संतांवर अन्याय करणारें वाटतें. ते स्वयंपूर्ण आहेत. टिळकांचें सगळेंच धार्मिक लेखन सारख्या योग्यतेचें आहे, असेंही माझें म्हणणें नाहीं. पत्राचे रकाने आणि मंडळीचे प्रसंग यांसाठीं घाईनें लिहिलेल्या ओळी त्यांत पुष्कळ आहेत; कित्येक ठिकाणीं उपदेशक कवीचा हात धरून त्याला ओढीत नेतो. परंतु हें सारें मला म्हणतां येतें तें मीं तें वाचलें म्हणून. ज्यांनीं वाचण्याआधींच खोडलें, त्यांना मतभेदाचाही अधिकार उरत नाहीं. अर्ध्या माणसाची स्तुति करण्यापेक्षां सबंध माणसाशीं भांडणें हा अधिक मोठा आदर आहे, असें मला वाटतें.

हें मला एका पुस्तकी माणसानें शिकविलेलें नाहीं. आमच्या गांवांत गोकुळाष्टमीच्या आधीं मारुतीच्या देवळांत दिवसरात्र भजन चालतें. गांवाभोंवतीं सिडकोचें शहर वाढलें, मिठागरें आणि शेतें गेलीं, आगगाडी आली. पण तें भजन चालू आहे. मंडळाच्या बैठकीनंतर मनांत खंत घेऊन मी भजनांतल्या एका वृद्ध बुवांकडे गेलों आणि टिळकांचा एक अभंग त्यांना सबंध वाचून दाखविला. कवीचें नांव, त्याचा धर्म, सर्व आधींच सांगितलें; कोणाची परीक्षा पाहावयाची नव्हती. बुवांनीं डोळे मिटून ऐकलें, मांडीवर बोटांनीं ठेका धरला, ख्रिस्ताचें नांव आलें तेथें ठेका थोडा थांबला, आणि पुन्हां सुरू झाला. मग ते म्हणाले, "चाल बराबर बसते, सर. नांव मात्र आमचं नाय." थोड्या वेळानें त्यांनीं आणखी एक वाचावयास सांगितलें.

बुवा तो अभंग देवळांत गाणार नाहींत, आणि त्यांनीं गावा अशी माझी अपेक्षाही नाहीं. पण त्यांनीं त्यांतलें नांव खोडलें नाहीं. तें ऐकलें, आपलें नव्हे असें सांगितलें, आणि पुढचा अभंग मागितला. संग्रह करणाऱ्या आम्हां चार पदवीधरांना जें जमलें नाहीं तें त्या अक्षरशत्रु म्हणविणाऱ्या गृहस्थांना सहज जमलें.

माझी मागणी फार मोठी नाहीं. टिळकांच्या दोन कविता मुलांच्या हातीं द्यावयाच्या असतील तर त्यांतील एक 'अभंगांजली'तली असावी. कविपरिचयांत 'रेव्हरंड' हा शब्द राहावा, आणि त्याचा अर्थ एका वाक्यांत सांगावा. ते १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, १९०४ सालीं पाळक झाले, १९१७ सालीं सर्व सोडून बाहेर पडले, एवढ्या तीन गोष्टी मुलांना कळाव्या. त्यांवर त्यांनीं घरीं प्रश्न विचारले तर आईबापांनीं उत्तरें शोधावीं. ज्या घरांत 'स्मृतिचित्रें' आहेत त्या घरानें 'ख्रिस्तायना'चे दोन अध्याय तरी वाचून पाहावे, आणि नाहीं आवडले तर तसें खुशाल सांगावें. ख्रिस्ती वाचकांनीं 'देवाच्या दरबारा'चा कागद पुन्हां उघडावा, आणि तो आपल्याला कां झेपला नाहीं याचा विचार करावा.

संग्रह अद्याप छापखान्यांत गेलेला नाहीं. पुढील बैठक येत्या महिन्यांत आहे. खोडलेला शब्द परत लिहावा आणि एक अभंग घ्यावा, अशी सूचना मी पुन्हां मांडणार आहें. आणि ती फेटाळली गेली तर निवड करणाऱ्यांच्या यादींतून माझें नांव काढावें, अशी विनंति करणार आहें. ज्या पुस्तकांत एका कवीच्या नांवामागचा शब्द मुलांपासून लपविला जातो, त्यांत माझें नांव छापून यावें अशी माझी इच्छा नाहीं.